काठी किती लांब, मोजा कशाचा? बोईसर-तारापूरच्या काचा आणि त्या पुसणारे हात

एक साधा प्रश्न विचारतो. दुसऱ्या मजल्याची काच बाहेरून पुसायची आहे. काठी किती लांब घ्यायची? हातात कुठला मोजा घालायचा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे ठरवायचं कोणी? इमारतीच्या मालकाने, कंत्राटदाराने, की सकाळी नाक्यावरून उचलून आणलेल्या त्या पोराने?

पालघर, बोईसर, तारापूर एमआयडीसी या पट्ट्यात आज याचं उत्तर बहुतेक वेळा तिसरंच असतं. जो पुसणार तोच ठरवणार. मिळेल तो बांबू, त्याच्या टोकाला सुतळीने बांधलेला वायपर, बादलीत पावडर, आणि डाग जात नसेल तर बाथरूमचं ॲसिड. मोजे असले तर असले. यात कोणाला काही विचित्र वाटत नाही, कारण काच पुसणं हे आपल्याकडे 'काम' समजलंच जात नाही. ती 'साफसफाई'. पण याला दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला एक धडा तर आपल्या दारातच, तारापूरला आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट. सवडीने वाचा.

आपल्याकडे काच आली कधी?

या भागातल्या जुन्या घरांना काच माहीतच नव्हती. वारली पाड्यावर कारवीच्या कुडाच्या भिंती, गावात लाकडी झडपांच्या खिडक्या. तिकडे गोव्यात पोर्तुगीज काळातल्या घरांना पातळ शिंपल्यांची तावदानं असायची, उजेड आत येई आणि ऊन अडे. सामान्य मराठी घरात काच शिरली ती खिडकीतून नाही, कंदिलातून. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील अनेकांच्या आजी-आजोबांना आठवत असेल. संध्याकाळी काच पुसायची म्हणजे चुलीतली राख, मऊ फडकं आणि लहान मुलाचा हात. मोठ्यांचा हात त्या काचेत जात नसे, म्हणून हे काम पोरांकडे. तडकलेल्या काचेने बोट कापलं तर हळद दाबायची. म्हणजे काच आणि कापलेला हात यांची ओळख आपल्याला जुनीच आहे.

खिडकीच्या मोठ्या, सपाट, स्वस्त काचा फार नंतर आल्या. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट करायची 'फ्लोट' पद्धत इंग्लंडात पिल्किंग्टन कंपनीने १९५० च्या दशकात बसवली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात तळोज्याला फ्लोट काचेचा कारखाना सुरू झाला. त्याच सुमारास ॲल्युमिनियमच्या स्लाइडिंग खिडक्या आल्या. मग कंपन्यांची ऑफिसं काचेची, बँका काचेच्या, दवाखाने काचेचे, शोरूम काचेचे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला आणि पालघर-बोईसर रस्त्याला बांधकामाचा वेग आणखी वाढला.

काच वाढली. पुसायची सोय मात्र नकाशात कोणी काढली नाही. समुद्राची खारी हवा, एमआयडीसीची धूळ, बोअरचं जड पाणी. एकदा धुतलेल्या काचेवर पाणी वाळलं की क्षाराचे पांढरे ठिपके राहतात. म्हणजे इथली काच इतर ठिकाणांपेक्षा जास्त वेळा आणि जास्त जोर लावून पुसावी लागते.

१८४७ चं एक कलम

आता थोडं बाहेर बघू. इंग्लंडात १८४७ साली 'टाउन पोलीस क्लॉजेस ॲक्ट' झाला. रस्त्यावरच्या उपद्रवांची त्याच्या २८ व्या कलमात लांबच लांब यादी आहे. गुरं मोकाट सोडणं, रस्त्यावर कचरा टाकणं, असलं सगळं. त्याच यादीत एक वेगळी गोष्ट आहे: घरातल्या नोकराला खिडकीच्या उंबऱ्यावर उभं राहून बाहेरची बाजू पुसायला किंवा रंगवायला लावणं. तळघराची खिडकी असेल तर चालेल, बाकी नाही. आणि शिक्षा कोणाला? उभा राहणाऱ्याला नाही. ज्याचं घर आहे, जो 'उभा राहा' म्हणतो किंवा राहू देतो, त्याला.

नीट लक्षात घ्या. पावणेदोनशे वर्षांपूर्वी, जेव्हा लहान पोरांच्या चिमणीतल्या कामावर बंदी घालणारे कायदे कागदावरच राहात होते, त्या काळातही कायद्याने एवढं ओळखलं होतं की उंबऱ्यावर उभी राहणारी बाई तिथे स्वतःच्या हौसेने उभी नसते. आज दिवाळीच्या आधी आपल्या सोसायट्यांमध्ये छज्जावर उतरून बाहेरून काच पुसणाऱ्या मावशी बघा आणि मग हे कलम पुन्हा वाचा.

पुढे अमेरिकेत उंच इमारती आल्या. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत १९३१ साली उघडली, खिडक्या सुमारे ६,५००. तिथे पुसणारे कंबरेला पट्टा बांधायचे आणि तो चौकटीत बसवलेल्या लोखंडी खुंट्यांना अडकवायचे. म्हणजे खुंटी ही इमारतीचाच भाग होती. १९५२ साली त्याच शहरात साबणाच्या लिव्हर कंपनीची 'लिव्हर हाउस' ही काचेची इमारत झाली. तिच्या खिडक्या उघडतच नव्हत्या, म्हणून गच्चीवर रूळ टाकून पुसणाऱ्यांचा पाळणा खाली-वर करायची सोय बांधतानाच केली. साबणवाल्यांना स्वच्छतेची जाहिरात करायची होती, हेही खरं. पण मुद्दा हा की काच लावणाऱ्यानेच ती पुसणार कशी याचा विचार केला.

हत्यारही तसंच बदललं. पूर्वीचा लोखंडी वायपर जड, दोन रबरांचा, रबर बदलायला ढीगभर स्क्रू काढावे लागत. एत्तोरे स्टेकोने या इटलीहून आलेल्या काच पुसणाऱ्यानेच कॅलिफोर्नियात हलका, पितळी, एका रबराचा वायपर बनवला आणि १९३६ साली त्याचं पेटंट घेतलं. आज बोईसरच्या हार्डवेअरच्या दुकानात टांगलेला ग्लास वायपर हा त्याचाच नातू. हत्यार सुधारलं ते ज्याच्या मनगटाला रोज कळ लागत होती त्या माणसाने. हे विसरायचं नाही.

मोजा आला तो एका नर्सच्या हातांसाठी

रबरी हातमोज्याची गोष्ट आणखी मजेशीर आहे. आपल्याला वाटतं डॉक्टरचे मोजे पेशंटला जंतू लागू नयेत म्हणून आले. सुरुवात तशी नाही. १८८९-९० च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात कॅरोलिन हॅम्प्टन नावाची शस्त्रक्रियागृहातली नर्स होती. निर्जंतुक करायच्या पाऱ्याच्या द्रावणाने तिच्या हातांची कातडी खराब झाली. सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करून घेतले. पुढे दोघांचं लग्न झालं, तो भाग सोडा. पेशंटला त्याचा फायदा होतो हे नंतर लक्षात आलं. मोज्याचा जन्म काम करणाऱ्या बाईची कातडी वाचवायला झाला.

आणि साफसफाईवाल्यांचं दुखणं आजही तेच आहे. दिवसभर ओला हात, साबण, पावडर. आधी कोरडेपणा, मग भेगा, मग त्या भेगांतून रसायन आत. जर्मनीत दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ हात ओले राहणारं काम नियमाने 'ओलं काम' धरतात आणि कातडीची काळजी घ्यायची जबाबदारी मालकावर टाकतात. आपल्याकडे दोन तास तर पहिल्याच मजल्यावर जातात.

मोजा म्हटला की कुठलाही चालतो असं नाही. थोडक्यात सांगतो, उपयोगी पडेल.

साध्या रबराचा (लॅटेक्स) मोजा पाणी, साबण, पातळ ॲसिड याला ठीक. पण रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर लागलं की तो फुगतो आणि रसायन आत झिरपतं. तेलकट गोष्टींना नायट्राइलचा मोजा चांगला. पण तोही ॲसिटोनपुढे टिकत नाही. सुती मोजा घट्ट पकड देतो, पण ओला झाला की तो मोजा राहात नाही, ॲसिडचा बोळा होतो, कातडीला चिकटून बसतो. त्यापेक्षा उघडा हात परवडला, निदान लगेच धुता तरी येतो. लांब काम असेल तर आत पातळ सुती आणि वर रबरी, आणि आतला सुती घामाने भिजला की बदलायचा. काठी वर धरली की पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, म्हणून मोजा कोपराकडे लांब हवा आणि त्याची कड बाहेर दुमडलेली हवी, म्हणजे पाणी तिथेच अडतं. मापाचा हवा. मोठा मोजा घातला की काठी धरायला जास्त जोर लावावा लागतो. आणि तोच मोजा घालून ड्रिल मशीन किंवा फिरतं यंत्र हातात घेऊ नका, मोजा गुंडाळला की बोट जातं.

काही डाग घालवायच्या द्रवांमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते काच खातं, आणि कातडीखाली उतरून हाडापर्यंत पोचतं. पातळ असेल तर चटका लगेच जाणवतही नाही, काही तासांनी कळ सुरू होते. लेबल नसलेल्या बाटलीतलं काहीही काचेला लावू नये, ते याच्यासाठी. क्षाराचे ठिपके घालवायला आधी व्हिनेगर लावून बघा, थोडा वेळ द्या. आणि ॲसिड आणि ब्लीचिंग एका बादलीत कधीच नाही, क्लोरीन वायू तयार होतो.

काठीचं गणित

आता काठी. आपल्या कोकणपट्टीला काठीचं शास्त्र नवं नाही. आंबा काढायचा झेला घ्या. लांब बांबू, टोकाला जाळी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'नूतन झेला' काढला, त्यात आंबा देठासकट कापला जातो, त्यामुळे चीक फळावर सांडत नाही. चिकूवालेही जाळीची काठी वापरतात. ज्याची बाग आहे त्याला नीट माहीत असतं की कुठल्या झाडाला कुठली काठी, कारण फळ पडलं तर नुकसान त्याचं. माणूस पडला तर नुकसान कोणाचं, हे ठरलेलं नसल्यामुळे काचेच्या काठीचं शास्त्र आपण केलं नाही.

हिशोब करून बघू. तळमजला, पहिला मजला असं धरून पहिल्या मजल्याच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून साधारण साडेपाच मीटरवर येते. जमिनीवर उभं राहून तिथे पोचायला सुमारे पाच मीटरची काठी लागते. दुसऱ्या मजल्याला आठ मीटर. त्यापुढे काठीचा नाद सोडायचा, तिथे पाळणा किंवा दोर आणि प्रशिक्षित माणूस.

मग आठ मीटरचीच काठी सगळ्याला का नको? कारण लांबी फुकट मिळत नाही. समजा टोकाला अर्ध्या किलोचा ओला वायपर आहे आणि दोन हातांत अर्ध्या मीटरचं अंतर. काठी आडवी धरली आणि टोक पुढच्या हातापासून दोन मीटरवर असलं, तर मागच्या हाताला दोन किलोचा जोर खाली दाबावा लागतो आणि पुढच्या हातावर अडीच किलो येतात. टोक चार मीटरवर नेलं की मागे चार, पुढे साडेचार. काठीचं स्वतःचं वजन वेगळंच. काठी उभी धरली की हा भार कमी होतो, पण मान मोडेस्तोवर वर बघावं लागतं. म्हणून जाणकार काम मजल्यागणिक वाटतात: खालच्याला आखूड काठी, वरच्याला लांब, आणि मान-खांद्याला विसावा. एकच लांब बांबू दिवसभर वापरायचा म्हणजे खांदा विकत द्यायचा.

तरीही काठी शिडीपेक्षा बरी. ब्रिटनच्या २००५ च्या उंचीवरच्या कामाच्या नियमांचा क्रम असा आहे: आधी उंचीवर जाणंच टाळता येतं का बघा, नाही तर पडणं रोखा, तेही नाही जमलं तर पडल्यावरची इजा कमी करा. काठी पहिल्या पायरीवर बसते, कारण माणूस जमिनीवरच राहतो. शिडी लावावीच लागली तर चार मीटर उंचीला पाया भिंतीपासून एक मीटर बाहेर, आणि खाली धरायला दुसरा माणूस.

आणि आता सगळ्यात जीवघेणी गोष्ट. तारा.

आपल्या भागात विजेच्या तारा इमारतींच्या किती जवळून जातात, हे सांगायला नको. नियम काय म्हणतात? ११ केव्हीपर्यंतची तार इमारतीपासून आडव्या अंतराने किमान १.२ मीटर लांब हवी, ३३ केव्हीची २ मीटर. वरून जात असेल तर ३.७ मीटर उंच. हे अंतर १९५६ च्या वीज नियमांत होतं, नंतरच्या नियमांतही तेच आलं. आता विचार करा. हे १.२ मीटर इमारत आणि तार यांच्यातलं आहे, माणसाच्या हातात काही नाही असं धरून. त्याच खिडकीसमोर कोणी पाच मीटरची ॲल्युमिनियमची काठी फिरवली तर ते अंतर एका झटक्यात संपतं. ॲल्युमिनियम वीज वाहून नेतं. परदेशी हलक्या कार्बन फायबरच्या काठ्याही नेतात, हे अनेकांना माहीत नसतं. फायबर ग्लासची काठी कोरडी आणि स्वच्छ असेल तर नेत नाही. बांबू लाकडाचा आहे म्हणून सुरक्षित, हा समज तर सोडूनच द्या. ओला बांबू वीज नेतो, आणि काच पुसताना बांबू ओलाच असतो. रबरी मोजे घातले तरी ते साफसफाईचे मोजे आहेत, विजेचे नाहीत.

म्हणजे काठीची लांबी ही फक्त काचेच्या उंचीवरून ठरत नाही. आजूबाजूला तार किती लांब आहे, हे आधी बघायचं. तार पोचेल एवढ्या अंतरात असेल, तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्यायची नाही तर काम करायचंच नाही.

तारापूरचा धडा

आता येतो आपल्या दारातल्या गोष्टीकडे. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागल्या. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधलेल्या. पुढे २००५ आणि २००६ साली ५४० मेगावॅटच्या आणखी दोन आल्या, त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, तो वेगळा आणि मोठा विषय.

अणुकेंद्र चालतं कसं, माणसाच्या हाताच्या नजरेने बघा. किरणोत्सर्गापासून बचावाचे तीन नियम: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा. एका ठिकाणाहून किरण येत असतील तर अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो. म्हणून जळालेलं इंधन पाण्याच्या खोल टाकीत ठेवतात आणि वरून लांब दांड्याच्या हत्यारांनी हलवतात. जास्त धोक्याचं काम जाड भिंतीच्या खोलीत होतं, तिथे शिसं मिसळलेल्या जाडजूड काचेच्या खिडकीतून बघत यांत्रिक हात चालवतात. असे यांत्रिक हात अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी बनवले. आणि प्लुटोनियमसारखी भुकटी हाताळायला बंद पेटी, तिच्या भिंतीलाच बसवलेले लांब रबरी मोजे. तारापूरला मिश्र इंधन असंच मोजेपेट्यांमध्ये बनवलं गेलं आणि नव्वदच्या दशकात ते भट्टीत वापरलं.

थोडक्यात, तिथेही प्रश्न तोच: काठी किती लांब आणि मोजा कशाचा. फरक एवढाच की तिथे उत्तर आधी लिहिलेलं असतं. दांडा किती, मोजा कुठल्या जाडीचा, किती वेळ, कोणाच्या सहीने. छातीवर डोस मोजायचा बिल्ला. १९८३ पासून अणुऊर्जा नियामक मंडळ.

तिथे सगळं आलबेल होतं, असं मी म्हणत नाही. पहिल्या दोन भट्ट्यांमध्ये सुरुवातीची कित्येक वर्षं देखभालीच्या कामात माणसांना डोस बराच मिळत होता आणि त्यावर टीकाही झाली. पण टीका होऊ शकली, कारण मोजमाप होतं. आकडा होता म्हणून 'हा आकडा जास्त आहे' असं म्हणता आलं. कुंपणाबाहेर, काही किलोमीटरवर, एमआयडीसीतल्या ऑफिसच्या काचेखाली उभ्या असलेल्या पोराच्या हातावर किती तास ॲसिड होतं, याचा आकडाच नाही. मग वाद कशावर घालणार?

कायदा कुठे निसटतो

कायदे नव्हते असंही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३२ व्या कलमात, पडण्याची शक्यता असलेल्या उंचीवर काम करणाऱ्यासाठी कठडा किंवा तत्सम सोय करा, असं होतं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने 'बांधकाम' या शब्दात इमारतीची देखभालही धरली. पण तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. काच पुसायला येतात दोघं-तिघं.

अपघात झाल्यावरचा कायदा १९२३ चा. त्याच्या परिशिष्टात अवयवांचा भाव लिहिला आहे: अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरायचं, तर्जनी गेली तर १४ टक्के. कंत्राटदाराचा माणूस असला तरी मूळ मालक जबाबदार, असं बारावं कलम सांगत होतं, पण अट अशी की ते काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असावं. औषधं बनवणारी कंपनी सहज म्हणू शकते, 'काच पुसणं हा आमचा धंदा नाही.' वाद तिथेच अडकतो आणि हाताला प्लास्टर असलेला माणूस वाट बघत बसतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या श्रमसंहितांमध्ये गेले. नाव बदललं. नाक्यावरच्या पोराच्या हातात त्याने काय बदललं, हे बघायची जबाबदारी आता आपली आहे.

म्हणून मागणी फार मोठी नाही. सोसायटी असो, कंपनी असो, नगरपरिषद असो की एमआयडीसी, काच पुसायच्या वर्क ऑर्डरवर चार ओळी जास्त लिहा. काठी कशाची आणि किती मीटरची. मोजा कुठल्या मटेरियलचा आणि जोड्या किती. कुठलं रसायन, लेबलसकट. आणि जवळची तार किती मीटरवर आहे, कोणी मोजली, त्याची सही. फायबर ग्लासच्या दोन चांगल्या काठ्या सोसायटीने स्वतः घेऊन ठेवल्या तर त्या वर्षानुवर्षं चालतात. आणि नवीन इमारतीचा प्लॅन पास करताना एक प्रश्न आर्किटेक्टला विचाराच: ही काच पुसणार कशी?

१८४७ च्या त्या कलमाने जे ओळखलं, तेवढंच आपण ओळखलं तरी पुरे. उंबऱ्यावर उभा राहणारा हिशोब देणार नाही. 'उभा राहा' म्हणणारा देणार.

तुमच्या बिल्डिंगच्या खिडकीपासून तार किती लांब आहे, एकदा आजच बघा आणि खाली लिहा. सोसायटीच्या ग्रुपवर ही पोस्ट टाकलीत तरी चालेल, दिवाळीच्या आधी टाका म्हणजे झालं.